गंजलेल्या खुर्च्या रंगवताना या चुका टाळा

श्रावण लागला की कोकणात घरोघरी रंगाचे डबे उघडतात. गणपतीला माणसं येणार आणि पडवीतल्या लोखंडी खुर्च्या लाल झालेल्या. मग जो तो दुकानातून अर्धा लिटर ऑइल पेंट आणि दोन इंची ब्रश उचलून आणतो. एमरी पेपर घेतलाच तर एक तुकडा, तोही दुकानदाराने आठवण केली म्हणून. पुढच्या वर्षी हेच लोक सांगतात, "हल्ली रंगच चांगला येत नाही." रंगाला कशाला बोल लावता? त्याच्याखाली काय ठेवलंत ते बघा.

गंजावरच रंग

रंगाखाली गंज दबतो, हा समज काही केल्या जात नाही. गंज सच्छिद्र असतो, ओल धरून ठेवतो आणि किनाऱ्यालगतच्या हवेत त्यात मीठही मुरलेलं असतं. वरून रंग चोपडला की हे सगळं आत कोंडतं आणि लोखंड खाणं चालूच राहतं. त्यात गंजाला मूळ लोखंडापेक्षा जागा जास्त लागते. म्हणून रंग आधी फुगतो आणि मग त्याचे पोपडे निघतात.

दापोलीकडच्या माझ्या मावसभावाने एका वर्षी हाच उद्योग केला. गणपती चार दिवसांवर, बाहेर पावसाची झड, आणि या पठ्ठ्याने संध्याकाळी बसून सगळ्या खुर्च्यांना चॉकलेटी रंगाचा एकच जाड हात मारला. घासणं नाही, प्रायमर म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा हातही नाही. "दादा, बघ, नव्या वाटतायत की नाही?" मी खुर्चीच्या हातावर अंगठा टेकवला तर ठसा उमटला. "अरे, वाळेल रे उद्यापर्यंत." डब्यावर रात्रभरात वाळतो असं लिहिलेलं असतं ते कोरड्या हवेसाठी. भर पावसात जाड थराची वरची साय धरते आणि आतला रंग दिवसेंदिवस चिकट राहतो. आरतीनंतर पांढरा झब्बा घातलेले एक काका टेकून बसले. उठले तेव्हा पाठीवर खुर्चीच्या पट्ट्या मोजून घ्याव्यात इतक्या स्वच्छ छापलेल्या. मावशीने त्याला सगळ्यांदेखत जे सुनावलं ते इथे लिहीत नाही.

खरा त्रास पुढे झाला. दिवाळीपर्यंत सांध्यांवर फोड आले. रंग काढायला घेतला तर आतला अर्धवट वाळलेला थर एमरी पेपरात रबरासारखा अडकायचा आणि दर दोन मिनिटांनी नवा तुकडा लागायचा. आधी घासायचा कंटाळा केला, त्याच्या दुप्पट नंतर घासलं.

माझी पद्धत साधी आहे. सुटे पापुद्रे तारेच्या ब्रशने, मग 80 नंबरचा एमरी पेपर, शेवटी 120 किंवा 220. थांबायचं कधी? पांढरं फडकं दाबून फिरवायचं. तांबूस डाग पडला तर काम बाकी आहे. त्याआधी स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने पायांवर ठोकून बघतो. टणटण वाजलं तर ठीक. आवाज बसका आला आणि टोक दाबल्यावर आत गेलं, तर खुर्ची वेल्डिंगवाल्याकडे न्या. पाइप आतून खाल्लेला असेल तर रंगाने तो माणसाचं वजन पेलणार नाही.

आजोबांच्या काळातलं कपाट किंवा खाट असेल तर कोरडं घासू नका. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) सक्तीची मर्यादा आली ती नोव्हेंबर 2017 मध्ये. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं. पाणी लावून घासायचा वॉटर पेपर, ओलं फडकं आणि तोंडाला चांगला मास्क. पोरांना त्या दिवशी शेजारी पाठवा.

घासलं आज, प्रायमर उद्या

ही माझ्या डोक्यात जाणारी दुसरी गोष्ट. दिवसभर राबून लोखंड चकचकीत करायचं, पाण्याने धुऊन अंगणात ठेवायचं आणि "बाकीचं उद्या". सकाळी त्यावर केशरी झाक आलेली असते. उघडं लोखंड दमट हवेत रात्रभर थांबत नाही. मी एका दिवशी एक-दोनच खुर्च्या घेतो. गोड्या पाण्याने मीठ धुवायचं, लगेच पुसायचं, सांध्यांत हेअर ड्रायर फिरवायचा, टर्पेंटाइनच्या फडक्याने हात मारायचा, ते उडालं की लगेच रेड ऑक्साइड, म्हणजे लोखंडाचा तांबडा प्रायमर. ड्रायर आणि टर्पेंटाइन एकाच वेळी वापरू नका, ते पेट घेतं.

आणि प्रायमर म्हणजे रंग नव्हे! ग्रिलवाले रेड ऑक्साइड मारून माल देतात आणि लोक तो महिनोन्‌महिने तसाच ठेवतात. प्रायमर पाणी अडवत नाही. पावसात उघडा राहिला तर गंज त्याच्यातूनच वर येतो, बहुतेक वेळा वेल्डिंगच्या जोडापासून, कारण तिथली खपली कोणी ठोकून काढलेली नसते.

लिंबू-मिठाने गंज काढायचे व्हिडिओ बघून आलेल्यांशी मी वाद घालत नाही. गंज निघतो, खरं आहे. पण मीठ सांध्यांत उरतं आणि ज्याच्यापासून लोखंड वाचवायचं तेच तुम्ही हाताने भरता. दुकानातलं गंज काळं करणारं द्रावण बरं, पण ते घासून उरलेल्या बारीक खड्ड्यांसाठी. पापुद्र्यांवर ओतून उपयोग शून्य.

बाकीच्या चुका थोडक्यात. रंगात रॉकेल घालू नका, वाळता वाळत नाही. ऑइल पेंटमध्ये एन.सी. थिनर (लॅकर पातळ करायचं जहाल द्रावण) तर मुळीच नको, खालचा जुना थर सुरकुततो. एका जाड हातापेक्षा दोन पातळ हात, मध्ये एक रात्र, पावसाळ्यात दोन. जस्ताचा मुलामा असलेल्या पाइपवर किंवा पत्र्यावर थेट ऑइल पेंट मारला तर तो पुढे सालीसारखा सुटतो, त्याला वेगळा प्रायमर मिळतो तो मागून घ्या. फोल्डिंग खुर्चीच्या खिळीत रंग भरू नका. बसायच्या पट्टीची खालची बाजू कोणी रंगवत नाही, आणि ओल तर तिथेच जास्त टिकते.

खुर्चीच्या पायांचे रबरी बूट काढून बघा, अगदी आज. आत तपकिरी पाणी आणि गंजाचा भुगा निघेल. पाय आतून साफ करून, टोकाला प्रायमर आणि रंग देऊन, पूर्ण वाळल्यावरच बूट परत चढवायचे, आणि चढवण्याआधी त्यांच्या तळाला पाणी निघायला एक भोक पाडायचं.