नियम शोधताना खेळ थांबू नये म्हणून

फोंड्यात आमच्या घरी रविवारी दुपारी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची बैठक असते, म्हणजे आपापलं पात्र घेऊन, फासे टाकत गोष्ट पुढे नेण्याचा खेळ. लढाई रंगात आली की कोणीतरी विचारायचं, "मला शत्रूनं धरलंय, सुटायला काय लागतं?" की सगळे मोबाइलमध्ये. पावसाळ्यात वीज गेली, नेटवर्क गेलं, की तेही बंद. त्यात कोणाकडे २०१४च्या आवृत्तीचे नियम, कोणाकडे २०२४च्या. जुन्यात सुटण्यासाठी दोघांनीही फासा टाकून तुलना करायची. नव्यात फाशावर ठरलेला आकडा गाठायचा. दोघांचंही बरोबर, मग वाद मिटणार कसा?

म्हणून आधी आवृत्ती एकच ठरवली, २०१४ची. तिच्या मूळ नियमांचा दस्तऐवज, ‘एसआरडी ५.१’, २०२३पासून क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली मोफत आहे. त्यातली हवी ती पानं छापून घेतली. सतत लागणारं एका पुठ्ठ्यावर लिहिलं. कोणत्या कामाला फाशावर किती गाठायचं: सोपं १०, मध्यम १५, कठीण २०. मार बसल्यावर मंत्रावरची एकाग्रता टिकवायला १० किंवा नुकसानाच्या निम्मं, यातलं जे जास्त ते.

पुठ्ठ्यावर नसेल तर खेळ चालवणारा तिथल्या तिथे निर्णय देतो. मी प्रश्न वहीत टिपते, उत्तर आम्ही चहाच्या वेळी शोधतो. निर्णय नियमाशी जुळला नाही तरी मागे जायचं नाही, पुढच्या वेळेपासून बदलायचं. पात्राचा जीव जाणार असेल तेव्हा मात्र थांबून वाचतोच. कोणी इतक्या मायेनं वाढवलेलं पात्र नुसत्या अंदाजावर मारणं मला अन्यायाचं वाटतं, आणि त्यासाठी पाच मिनिटं गेली तर जाऊ देत.