जांभळाचा मध काढण्यापूर्वी: सातारा जिल्ह्यातील मधपाळांसाठी सल्ला

महाबळेश्वर, जावळी आणि पाटणच्या डोंगरपट्ट्यात जांभूळ व हिरडा फुलला की पेटीत पाळल्या जाणाऱ्या सातेरी मधमाश्यांच्या मधकोठ्या (पेटीतले मध साठवण्याचे वरचे कप्पे) भरू लागतात, आणि वळवाचे ढग दिसताच मध काढण्याची घाई सुरू होते. घाईत काढलेला कच्चा मध पुढे आंबतो, फसफसतो आणि तपासणीत नापास होतो. म्हणून चौकटीवरील किमान तीन चतुर्थांश घरे माश्यांनी मेणाने बंद केल्याशिवाय ती चौकट मधयंत्रात घालू नये. अन्नसुरक्षा मानकांनुसार मधातील पाण्याचे प्रमाण 20 टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. डोंगरातील दमट हवेत काढलेला मध उघड्या भांड्यात राहिला तर तो हवेतील ओलावा शोषतो, त्यामुळे मध काढण्यासाठी कोरडा दिवस निवडावा आणि गाळलेला मध लगेच झाकणबंद करावा.

मध फक्त मधकोठीतलाच घ्यावा. पिलावा कोठीतील, म्हणजे माश्यांची पिले वाढतात त्या खालच्या कप्प्यातील मधाला हात लावू नये, कारण जून ते सप्टेंबर या धो-धो पावसाच्या काळात माश्यांना बाहेर पडता येत नाही आणि तोच साठा त्यांना जगवतो. उपाशी राहिलेली सातेरी वसाहत पेटी सोडून निघून जाते, आणि रिकाम्या पोळ्यांत मेणकिडा शिरतो. साठा कमी वाटल्यास साखर व पाणी समभाग घेऊन केलेला पाक संध्याकाळी द्यावा, परंतु मधकोठ्या उतरवल्यानंतरच. फुलोरा चालू असताना पाक दिला तर साखर मधात उतरते, आणि भेसळ करण्याचा हेतू नसतानाही मधपाळावर भेसळीचा ठपका येतो. सर्वसाधारण मधात सुक्रोजची, म्हणजे साध्या साखरेची, मर्यादा 5 टक्के आहे. कारवी या काही वर्षांनी एकदाच फुलणाऱ्या झुडपाच्या मधासाठी मात्र ती 10 टक्के ठेवलेली आहे. आपल्या सह्याद्रीतल्या या घट्ट, जेलीसारख्या मधाला मानकांत स्वतंत्र जागा आहे, म्हणून कारवी फुलेल त्या वर्षी तो मध वेगळा काढून वेगळाच भरावा.

मध थेट आचेवर तापवू नये. उष्णतेने आणि दीर्घ साठवणुकीने त्यात एचएमएफ हा घटक वाढतो, आणि त्याची मर्यादा किलोला 80 मिलिग्रॅम आहे.

बाटली भरून विकणाऱ्या प्रत्येकाला, विक्री घरातून असली तरी, अन्नसुरक्षा विभागाची नोंदणी लागते, आणि उलाढाल वाढल्यावर परवाना घ्यावा लागतो. हे काम अन्न परवान्यांच्या फॉस्कॉस या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर होते. लेबलवर नोंदणी क्रमांक, उत्पादकाचा पत्ता, निव्वळ वजन, बॅच क्रमांक व तारखा असाव्यात. अ‍ॅगमार्क हे शेतमालाच्या दर्जाचे सरकारी चिन्ह ऐच्छिक आहे, तरी शहरातल्या ग्राहकाला त्याचा भरवसा वाटतो. मधपेट्यांची नोंद राष्ट्रीय मधमाशी मंडळाच्या मधुक्रांती पोर्टलवर करून ठेवावी.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी आधी प्रशिक्षण घ्यावे आणि मगच पेट्या घ्याव्यात. महाराष्ट्र राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय महाबळेश्वरातच आहे. मंडळाच्या मधकेंद्र योजनेत प्रशिक्षण, साहित्यासाठी 50 टक्के अनुदान आणि हमीभावाने मध खरेदी यांची तरतूद आहे. अर्जासाठी जिल्हा ग्रामोद्योग कार्यालयात चौकशी करावी. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर 2022 मध्ये मधाचे गाव म्हणून घोषित झाले. तिथे एक फेरी मारून पेट्यांची मांडणी प्रत्यक्ष पाहिली, तर नवख्याला खूप काही उमगते.

कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत वनविभागाच्या परवानगीशिवाय आग्या मोहोळ उतरवणे हा गुन्हा आहे. हद्दीबाहेरही पोळे जाळून मध काढू नये, त्याने वसाहत तर जातेच, पण उन्हाळ्यात वणवाही लागतो.

माण, खटावकडे डाळिंब किंवा कांदा बियाण्याच्या शेतात पेट्या ठेवताना शेतकऱ्याशी फवारणीचे आधीच ठरवून घ्यावे. फुलोऱ्यात फवारणी टाळावी. ती अटळ असेल तर माश्या पेटीत परतल्यानंतर संध्याकाळी करावी आणि मधपाळाला किमान एक दिवस आधी कळवावे, म्हणजे त्याला पेट्या तिथून हलवता येतील.