शिडांच्या काळातील लहान लढाऊ जहाजाची सेवानोंद कशी तयार करावी

एखाद्या लहान लढाऊ जहाजाचा सेवाकाळ लिहायला घेताना पहिल्याच पानावर लढाई मांडू नये. ते कोणाच्या चाकरीत होते आणि त्यावर किती तोफा होत्या, हे आधी पक्के करावे. नुसते नाव पुरत नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या बॉम्बे मरीन या आरमाराचे 12 तोफांचे ‘रेंजर’ 1783 मध्ये विजयदुर्गाजवळ मराठ्यांचे सरदार आनंदराव धुळप यांच्या आरमाराने पकडले. पण ‘रेंजर’ नावाचे एक अमेरिकी जहाजही त्याच काळातले, जे इंग्रजांनी 1780 मध्ये चार्ल्सटनला हस्तगत करून ‘हॅलिफॅक्स’ या नावाने चालवले. नावावरून शोध घेणाऱ्याकडून या दोघांची सरमिसळ सहज होते.

त्यानंतर तारीख, ठिकाण, कप्तान आणि पुरावा अशा चार रकान्यांचा तक्ता आखावा. डोलकाठी बदलल्याची किंवा तळ साफ केल्याची नोंदही त्यात घ्यावी, कारण अशा जहाजांचे बरेचसे आयुष्य टपाल पोचवण्यात, व्यापारी गलबतांना सोबत करण्यात आणि माणसांची ने-आण करण्यात जाई. रेंजरवरही त्या वेळी दक्षिणेतील फौजेकडे निघालेले लष्करी अधिकारी होते; त्यांपैकी कर्नल हंबरस्टन जखमी होऊन पुढे विजयदुर्गावरच वारले.

खरी कसोटी तारखांची आहे. त्या काळी इंग्रजी जहाजांवरचा दिवस दुपारी 12 ला सुरू होई आणि त्याला पुढची तारीख मिळे, म्हणून 8 एप्रिलच्या दुपारी 3 वाजताची घटना रोजनाम्यात 9 एप्रिलखाली सापडते. ब्रिटिश नौदलाने ही पद्धत 1805 मध्ये सोडली. मराठी कागदांत शुहूर सन (अरबी अंकशब्दांत लिहिला जाणारा) असतो आणि तो मृगाच्या सुमारास बदलतो. ‘सलास समानीन मया व अलफ’ म्हणजे 1183. त्यात वर्षाच्या पूर्वार्धासाठी 599 आणि जानेवारीनंतरच्या महिन्यांसाठी 600 मिळवले की इसवी सन येतो. रेंजर पकडल्याचा एप्रिल 1783 हा असाच (1183 + 600) जुळतो. दोन्ही बाजूंच्या तारखा जशा असतील तशा उतरवून घ्याव्यात आणि रूपांतर शेजारी वेगळे लिहावे.

ब्रिटिश नौदलाचे रोजनामे लंडनमध्ये क्यू येथील नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये, तर कंपनीचे कागद ब्रिटिश लायब्ररीत आहेत. पेशवे दप्तर पुण्यात आहे, पण ते मोडीत. बेळगाव जिल्हा 1956 पर्यंत मुंबई राज्यात असल्याने इकडचे जुने कागदही पुष्कळदा मोडीतच असतात, त्यामुळे खानापूर-निपाणीच्या वाचकाने घरातल्या जमिनीच्या कागदांवर हात बसवून मग दप्तराकडे वळणे सोयीचे. सवड असेल तर आंबोली घाट उतरून विजयदुर्गाजवळ गिर्ये येथील मराठ्यांची गोदीही पाहावी. कातळात खोदलेल्या त्या गोदीत भरतीबरोबर जहाज आत घेत आणि ओहोटीला त्याचा तळ मोकळा होई, हे जागेवर चटकन समजते.

वादाच्या जागी दोन्ही बाजू स्वतंत्र ओळींत ठेवाव्यात. सालबाईचा तह मे 1782 मध्येच झाला होता, म्हणून इंग्रजांच्या दृष्टीने रेंजर पकडणे हा तहभंग होता. पेशवाईत मात्र धुळपांची वाहवा झाली. माझ्या मते सेवानोंदीत याचा निवाडा करू नये.

जहाज पकडले गेले म्हणून नोंदही तेथेच थांबवू नये. रेंजर पुढे इंग्रजांना परत मिळाले. खासगी लढाऊ जहाजे चालवणाऱ्या फ्रेंच कप्तान सुर्कूफचे 1807 चे ‘रेव्हनान’ आधी ‘येना’ झाले, 1808 मध्ये ब्रिटिशांकडे जाऊन ‘व्हिक्टर’ बनले आणि 1809 मध्ये पुन्हा फ्रेंचांच्या हाती पडले. अशा वेळी दर नव्या नावाबरोबर त्या-त्या आरमाराच्या याद्या नव्याने तपासाव्या लागतात.