उन्हाळ्यात घर गार ठेवताना आणि वीज वाचवताना या चुका टाळा

मार्च संपत आला की सोलापुरात एसी आणि कूलरच्या दुकानांत गर्दी होते आणि मे महिन्याचे बिल हातात पडल्यावर तीच मंडळी विचारू लागतात की एवढे युनिट जळले कसे. ओळखीपाळखीच्या घरांतला वीजवापर मी जाऊन पाहत असतो. बहुतेक ठिकाणी यंत्रात काही दोष नसतो. घरात शिरणारी उष्णता न अडवता यंत्र आणण्याची घाई झालेली असते.

सगळ्यांत मोठी चूक म्हणजे गच्चीकडे दुर्लक्ष करणे. सोलापूर सुमारे 17.7 अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. दक्षिणेच्या भिंतीला त्या दिवसांत जवळजवळ ऊन लागत नाही. सगळा मारा गच्चीवर आणि दुपार कलल्यानंतर पश्चिमेच्या भिंतीवर असतो. सिमेंटचा स्लॅब ही उष्णता दिवसभर साठवतो आणि रात्री खाली खोलीत सोडतो. जुन्या पेठांतील माळवदाच्या घरांत मातीचा जाड थर तिला अडवून धरत असे. चार-पाच इंचांच्या स्लॅबकडून ती अपेक्षा ठेवता येत नाही.

जुळे सोलापुरातील एका कुटुंबाचे उदाहरण मी सर्वांना सांगतो. घर वरच्या मजल्यावर, आणि गळती थांबावी म्हणून गच्चीवर काळे डांबरी शीट चिकटवलेले. एक टनाचा एसी पुरत नाही म्हणून त्यांनी दीड टनाचा घेतला, तोही रात्रभर चालूनही कॉम्प्रेसर काही थांबेना, तेव्हा मुलगा मला विचारू लागला, "काका, आता दोन टनाचा घ्यावा का?" रात्री अकराच्या सुमारास मी त्याला स्टुलावर उभे करून छताला तळहात लावायला सांगितला. त्याने लगेच हात मागे घेतला. अशा छताखाली कितीही टनांचा एसी बसवला, तरी तो आधी स्लॅबमधून येणाऱ्या उष्णतेशीच झगडत राहणार. त्या शीटवर ऊन परतवणाऱ्या पांढऱ्या रंगाचे दोन हात दिल्यानंतर तोच दीड टनाचा एसी मध्यरात्रीनंतर थांबून थांबून चालू लागला. नवा एसी घ्यावा लागला नाही.

साध्या सिमेंटच्या गच्चीला मी चुनाच सुचवतो. कळीचा चुना आदल्या दिवशी भिजवावा, कापडातून गाळावा, त्यात थोडे फेविकॉल मिसळावे, गच्ची स्वच्छ धुऊन वाळवावी आणि ऊन उतरल्यावर दोन हात द्यावेत. पावसात तो धुऊन जातो, म्हणून पुढच्या मार्चमध्ये पुन्हा लावावा लागतो. हे कंटाळवाणे वाटणाऱ्यांनी पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी बसवून घ्यावी. संध्याकाळी गच्चीवर पाण्याचा मारा करणे मात्र मला अजिबात पटत नाही. ज्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येते, तिथे पिण्याजोगे पाणी स्लॅबवर ओतणे योग्य नाही.

दुसरी चूक कूलरची. दारे-खिडक्या घट्ट बंद करून कूलर लावला जातो आणि तासाभराने खोली चिकट झाली की कूलरला नावे ठेवली जातात. कूलर पाण्याची वाफ करून हवा गार करतो. ती दमट हवा बाहेर गेलीच नाही, तर पुढचे पाणी वाफ होणारच कसे? बाहेर 40 अंश तापमान आणि 20 टक्के आर्द्रता असेल, तर चांगल्या जाळ्यांचा कूलर सुमारे 26 अंशांची हवा देऊ शकतो, आणि तेही साधारण दोनशे वॅटमध्ये. त्यासाठी कूलर खिडकीबाहेर, शक्यतो सावलीत ठेवावा आणि समोरच्या बाजूची एक खिडकी वीतभर उघडी ठेवावी. आपल्याकडचे पाणी जड असल्यामुळे जाळ्यांवर क्षारांचा पांढरा थर बसतो, तेव्हा टाकीतले सगळे पाणी अधूनमधून काढून टाकावे. पावसाळ्यात हवेतच दमटपणा असतो, त्यामुळे कूलर बंद करून पंख्यावर भागवावे. आणि कूलर व एसी एकाच खोलीत एकदम चालवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की हे थांबवा: एक यंत्र हवेत ओल घालते आणि दुसरे तीच ओल काढण्यात वीज खर्च करते.

पश्चिमेच्या खिडकीला आतून जाड चादर लावली जाते, पण काचेतून ऊन आत आल्यावर पडद्याचा उपयोग थोडाच होतो. बांबूची चटई किंवा शेडनेट बाहेरून लावावे. एसी 18 अंशांवर ठेवल्याने खोली लवकर गार होत नाही. 24 ते 26 वर ठेवून पंखा सुरू ठेवावा. फ्रिज भिंतीला चिकटवू नये. जुना पंखा सुमारे 75 वॅट घेतो आणि बीएलडीसी (म्हणजे ब्रश नसलेल्या डीसी मोटरचा) पंखा तीस-पस्तीस, पण तो जुन्या रेग्युलेटरवर जोडला की गुणगुणतो किंवा बिघडतो, त्यामुळे आधी रेग्युलेटर काढून टाकावा.

राहिले सोलर. पंतप्रधान सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटपर्यंतच्या संचाला 78,000 रुपयांपर्यंत अनुदान मिळते आणि संच जरूर बसवावा, पण आजच्या फुगलेल्या बिलावरून त्याचा आकार ठरवू नये. आधी गच्ची पांढरी करावी, पंखे बदलावेत, एक उन्हाळा मीटरचे आकडे वहीत लिहून काढावेत आणि मग त्या आकड्यांवरून किती किलोवॅट लागतील ते ठरवावे. पॅनेलची सावली स्लॅबवर पडते, हाही फायदाच. म्हणून जागा निवडताना ज्या खोलीत रात्री झोपता, तिच्यावरची बाजू आधी पाहावी.