इंग्रजीत अनुमान कसे लिहावे: ‘असावा’ आणि ‘असणार’ यांना प्रतिशब्द शोधताना

सकाळी दार उघडल्यावर रस्ता ओला दिसला की मराठीत आपण ‘रात्री पाऊस पडला असावा’ असे सहज म्हणतो. पाऊस पडताना आपण पाहिलेला नाही, तो ओल्या रस्त्यावरून ताडला आहे, एवढी सगळी माहिती ‘असावा’ या एका रूपात मावते. खात्री वाढली की ‘पडला असणार’, कमी झाली की ‘पडला असेल’ आणि नुसती शक्यता उरली की ‘पडला असू शकेल’. इंग्रजी लिहायला बसल्यावर मात्र ही उतरंड हरवते आणि वाक्य एका टोकाला जाते: एक तर ‘इट रेन्ड’ असे ठाम विधान होते, नाही तर प्रत्येक ओळीला ‘आय थिंक’ जोडले जाते. इंग्रजीतही खात्रीच्या पायऱ्या आहेत, पण त्या एकाच ठिकाणी नाहीत. काही साहाय्यक क्रियापदांत आहेत, काही ‘सजेस्ट’ किंवा ‘शो’ यांसारख्या मुख्य क्रियापदांत आणि काही ‘प्रिझ्युमेबली’सारख्या क्रियाविशेषणांत. लिहिणाऱ्याने आपली खात्री किती आहे हे आधी ठरवावे आणि मग यांपैकी एकाच जागी ती नोंदवावी.

‘असणार’ला सर्वांत जवळचा शब्द ‘मस्ट’. वर्तमानकाळासाठी ‘शी मस्ट बी टायर्ड’ आणि भूतकाळासाठी ‘मस्ट हॅव’ व त्यापुढे क्रियापदाचे तिसरे रूप: ‘इट मस्ट हॅव रेन्ड लास्ट नाइट’. येथे दोन चुका नेहमी आढळतात. ‘ही मस्ट वेंट’ ही सरळ व्याकरणाची चूक आहे, त्यामुळे ती लवकर लक्षात येते. दुसरी जास्त फसवी आहे, कारण ‘ही हॅड टु गो’ हे वाक्य व्याकरणाने निर्दोष असते. फक्त त्याचा अर्थ ‘तो गेला असणार’ असा नसून ‘त्याला जावे लागले’ असा होतो.

‘शुड’च्या बाबतीत तर मराठीच आपल्याला चकवते. ‘त्याने अभ्यास करावा’ आणि ‘तो आजारी असावा’ या दोन्ही वाक्यांत आपण एकच विध्यर्थी रूप वापरतो. पहिल्यासाठी ‘शुड’ बरोबर असल्याने दुसऱ्यालाही तोच लावला जातो आणि ‘ही शुड बी इल’ असे वाक्य तयार होते. इंग्रजी वाचकाला त्यातून ‘त्याने आजारी पडायला हवे’ असे काहीतरी ऐकू येते. अनुमानासाठी ‘शुड’ चालतो, पण ठरल्याप्रमाणे किंवा नेहमीच्या क्रमाने जे घडणे अपेक्षित आहे त्यापुरताच: ‘द पार्सल शुड अराइव्ह टुमॉरो’. चिन्हांवरून ताडलेल्या गोष्टीसाठी ‘ही मस्ट बी इल’ किंवा थोडे सौम्य ‘ही इज प्रॉबबली इल’ लिहावे.

नकारात हीच अडचण वेगळ्या रूपाने येते. ‘तो घरी नसणार’ याचे ‘ही मस्ट नॉट बी ॲट होम’ असे भाषांतर केले तर ते मनाईसारखे वाचले जाण्याचा धोका असतो. सुरक्षित रूप ‘ही कॅनॉट बी ॲट होम’, आणि भूतकाळात ‘ही कॅनॉट हॅव हर्ड मी’. अमेरिकी इंग्रजीत ‘ही मस्ट नॉट हॅव हर्ड मी’ असेही म्हणतात आणि ते चूक नाही. तरी लेखनात ‘कॅनॉट’ने संदिग्धता टळते. ‘मे नॉट’ म्हणजे मात्र फक्त ‘नसेल’, त्यामुळे ‘कॅनॉट’ आणि ‘मे नॉट’ एकमेकांच्या जागी टाकू नयेत. ‘असेल’ आणि ‘असू शकेल’ यांसाठी ‘मे’ व ‘माइट’ पुरतात. ‘माइट’ थोडा अधिक साशंक, एवढाच फरक. ‘कुड हॅव’ जपून वापरावा, कारण ‘शी कुड हॅव वन’ हे वाक्य बहुतेक वाचक ‘ती जिंकू शकली असती’, म्हणजे जिंकली नाही, असे वाचतात.

आता कारण आणि पुरावा यांतील भेद पाहू. माझ्या मते इंग्रजीत निष्कर्ष लिहिताना सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. ‘पाऊस पडला म्हणून रस्ता ओला आहे’ या वाक्यात पाऊस हे कारण आहे. ‘रस्ता ओला आहे, म्हणजे पाऊस पडला असणार’ या वाक्यात ओला रस्ता पावसाचे कारण नाही. तो पावसाच्या अनुमानाचा आधार आहे. न्यायशास्त्रातील, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्रातील, डोंगरावरच्या धुराच्या जुन्या उदाहरणातही हेच आहे: धुरामुळे अग्नी पेटत नाही, धुरावरून तो कळतो. मराठीत या दुसऱ्या नात्यासाठी ‘ज्याअर्थी… त्याअर्थी’ ही सुरेख जोडी आहे, जी आपण हल्ली फारच कमी वापरतो. इंग्रजीत ‘ॲज अ रिझल्ट’ आणि ‘कॉन्सिक्वेंटली’ हे प्रामुख्याने कार्यकारणाचे शब्द आहेत. ‘द रोड इज वेट, ॲज अ रिझल्ट, इट रेन्ड’ असे लिहिले तर रस्त्याने पाऊस पाडला असा अर्थ निघतो. अनुमानासाठी ‘देअरफोर’, ‘इट फॉलोज दॅट’ किंवा वाक्याच्या आरंभी ‘सिन्स’ वापरावा: ‘सिन्स द रोड इज वेट, इट मस्ट हॅव रेन्ड’. मात्र ‘ज्याअर्थी–त्याअर्थी’च्या सवयीने ‘सिन्स’नंतर पुन्हा ‘देअरफोर’ किंवा ‘सो’ लिहू नये, कारण इंग्रजीत जोडीतील एकच शब्द पुरतो.

विरामचिन्हांबाबत थोडक्यात सांगायचे तर ‘देअरफोर’ आणि ‘हेन्स’ ही क्रियाविशेषणे आहेत, उभयान्वयी अव्यये नाहीत. दोन पूर्ण वाक्यांच्या मध्ये ती आली की आधी अर्धविराम किंवा पूर्णविराम हवा. स्वल्पविराम अपुरा पडतो. ‘सो’पूर्वी स्वल्पविराम चालतो. ‘हेन्स’ची एक वेगळी सोय अशी की त्याच्यापुढे क्रियापदाशिवाय नुसते नाम येऊ शकते: ‘द ब्रिज इज क्लोज्ड, हेन्स द डिले’.

अहवाल, प्रबंध किंवा वृत्तलेखनात अनुमानाचा भार मुख्य क्रियापदावर येतो. ‘सजेस्ट’, ‘इंडिकेट’, ‘शो’, ‘डेमॉन्स्ट्रेट’, ‘प्रूव्ह’ अशी ती चढती भाजणी आहे. ‘प्रूव्ह’ हा शब्द गणितासाठी राखून ठेवलेला बरा; निरीक्षणावर उभ्या असलेल्या लेखनात तो आला की जाणकार वाचक सावध होतो. ‘सजेस्ट’ला आपण ‘सुचवणे’ म्हणून ओळखतो, त्यामुळे त्यात सल्ला दिसतो, परंतु ‘द फिगर्स सजेस्ट दॅट डिमांड इज फॉलिंग’ या वाक्यात कोणी सल्ला देत नाही. आकड्यांवरून तसे दिसते, एवढेच ते वाक्य सांगते. म्हणूनच तेथे ‘इज’ हे साधे रूप येते.

क्रियापदाची निवड किती महत्त्वाची ठरते, हे खगोलशास्त्रातील दोन अनुमानांवरून चांगले कळते. युरेनसची गती गणिताशी जुळत नव्हती, म्हणून त्याच्या पलीकडे आणखी एक ग्रह असला पाहिजे असे फ्रेंच गणिती ल वेरिए यांनी मांडले आणि त्याची जागाही काढून दिली. २३ सप्टेंबर १८४६ रोजी बर्लिनच्या वेधशाळेत गाले यांना नेपच्यून त्या जागेपासून एका अंशाच्या आत सापडला. हा प्रसंग आज इंग्रजीत लिहायचा तर त्या रात्रीपूर्वीचे वाक्य ‘देअर मस्ट बी अनदर प्लॅनेट’ असे असेल आणि नंतरचे ‘देअर इज अनदर प्लॅनेट’ असे. दिसल्यानंतर ‘मस्ट’ची गरजच संपते. पुढे १८५९ साली बुधाच्या कक्षेतील तफावतीवरून त्याच ल वेरिए यांनी सूर्याजवळ आणखी काही वस्तुमान दडले असल्याचे अनुमान केले. त्या कल्पित ग्रहाला व्हल्कन असे नावही मिळाले, पण तो सापडला नाही, आणि १९१५ साली आइन्स्टाइन यांच्या सापेक्षता सिद्धांताने ग्रहाशिवायच त्या तफावतीचा उलगडा केला. तर्काची पद्धत दोन्ही वेळा सारखीच होती. ‘देअर मस्ट बी अ प्लॅनेट’ हे वाक्य दुसऱ्या वेळी खोटे ठरले, तर ‘द डिस्क्रेपन्सी मे बी ड्यू टु ॲन अनसीन प्लॅनेट’ हे वाक्य त्या काळच्या पुराव्याशी प्रामाणिक राहिले असते.

सावधपणाचाही अतिरेक होतो. ‘इट माइट पॉसिबली सीम टु सजेस्ट’ या शब्दांत चार वेळा माघार घेतली आहे आणि हाती काहीच लागत नाही. खात्रीची पातळी एकाच शब्दाने दाखवावी. ‘ऑब्व्हियसली’ आणि ‘क्लिअरली’ यांचेही तसेच: पुरावा स्पष्ट असेल तर ते अनावश्यक असतात आणि नसेल तर वाचकाला डिवचतात. ऐकीव गोष्टीसाठी आपण ‘म्हणे’ वापरतो. त्याची छटा ‘अपॅरंटली’त बरीचशी उतरते, औपचारिक लेखनात ‘रिपोर्टेडली’त.

‘इम्प्लाय’ आणि ‘इन्फर’ यांची अदलाबदल करू नये: लिहिणारा किंवा पुरावा ‘इम्प्लाय’ करतो, वाचणारा त्यावरून ‘इन्फर’ करतो. निष्कर्ष मराठीत ‘काढतात’, म्हणून ‘टेक आउट अ कन्क्लूजन’ लिहिण्याचा मोह होतो. इंग्रजीत तो ‘ड्रॉ’ किंवा ‘रीच’ करतात. ‘इन कन्क्लूजन’ हा तर निष्कर्षाचा शब्दच नव्हे, तो समारोपाचा आहे.

शेवटी एक परिच्छेद दुरुस्त करून पाहू. खोलीत दिवा चालू आहे, कोट खुर्चीवर आहे, वही उघडी आहे आणि माणूस नाही. पहिला मसुदा असा: ‘शी वेंट आउट. ॲज अ रिझल्ट द लॅम्प इज ऑन. इट इज प्रूव्ह्ड दॅट शी शुड बी निअर.’ आधी आपले म्हणणे मराठीत उच्चारून पाहावे: ‘ज्याअर्थी दिवा चालू आहे आणि कोट इथेच आहे, त्याअर्थी ती लांब गेली नसणार, उघड्या वहीवरून ती परत येणार असे दिसते.’ ‘नसणार’ येथे ‘कॅनॉट हॅव’ मागते, ‘असे दिसते’ येथे ‘सजेस्ट’ पुरे होते, आणि ‘त्याअर्थी’ इंग्रजीत गळून पडते: ‘सिन्स द लॅम्प इज ऑन अँड हर कोट इज हिअर, शी कॅनॉट हॅव गॉन फार; द ओपन नोटबुक सजेस्ट्स दॅट शी मीन्स टु कम बॅक.’