द्राक्षाच्या पानातले प्रथिन-कार्बोनिल मोजताना

ऑक्सिडेटिव्ह ताणात, म्हणजे पेशीत ऑक्सिडीकरण वाढले की, प्रथिनांवर कार्बोनिल गट तयार होतात. डीएनपीएच (२,४-डायनायट्रोफिनाइलहायड्रॅझिन) त्यांना जोडला की होणारे संयुग ३७० नॅनोमीटरला मोजता येते. तत्त्व एवढेच. पण आकडा फुगला, तर ताणाआधी जास्तीचे डीएनपीएच काढणाऱ्या धुलाईवर संशय घ्या.

निफाड-दिंडोरीकडच्या बागेतून पाने आणताना फवारणी कधी झाली ते विचारा. बोर्डो मिश्रणातल्या (बुरशीनाशक फवारणीतल्या) मोरचुदाचे तांबे पानावर राहिले, तर वाटतानाच प्रथिनांचे ऑक्सिडीकरण होते. पान डिस्टिल्ड पाण्याने धुऊन, टिपून लगेच द्रव नायट्रोजनमध्ये टाका. १ ग्रॅम पान ४ मिली थंड बफरमध्ये वाटा: ५० मिलीमोलर फॉस्फेट, पीएच ७.४, तांबे-लोह बांधायला १ मिलीमोलर ईडीटीए आणि पॉलिफेनॉल ओढून घ्यायला २ टक्के पीव्हीपीपी. सेंट्रिफ्यूजमध्ये १०,००० जी वर १५ मिनिटे फिरवून वरचे द्रावण घ्या. त्यात अंतिम १ टक्का स्ट्रेप्टोमायसिन सल्फेट घालून १५ मिनिटांनी पुन्हा फिरवा, म्हणजे न्यूक्लिक आम्ले खाली बसतात. तीही डीएनपीएचशी जोडली जातात.

प्रत्येक नमुन्याच्या दोन नळ्या, प्रत्येकी २०० मायक्रोलिटर. एकीत २.५ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लातले १० मिलीमोलर डीएनपीएच ८०० मायक्रोलिटर, दुसरीत नुसते आम्ल तेवढेच. एक तास अंधारात ठेवा, दर पंधरा मिनिटांनी व्होर्टेक्स करा. जानेवारीत सकाळी नाशिकची खोली फार गार असते. नळ्या २५ अंशांच्या वॉटर बाथमध्येच ठेवा, नाहीतर मेच्या वाचनाशी तुलना होणार नाही. डीएनपीएचची बाटली कोरडी पडू देऊ नका: सुके डीएनपीएच स्फोटक असते. ओले वजन करताना त्यातले पाणी हिशेबात धरा.

मग १ मिली २० टक्के टीसीए (ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक आम्ल), ५ मिनिटे बर्फात, ४ अंशांवर १०,००० जी, १० मिनिटे: प्रथिन गोळा होऊन तळाशी बसते. गोळा १० टक्के टीसीएने एकदा आणि इथेनॉल-इथाइल अ‍ॅसिटेटच्या १:१ मिश्रणाने तीनदा, दर वेळी १ मिलीने, धुवा. गोळा काचकांडीने फोडलाच पाहिजे. अख्खा राहिला की आतले डीएनपीएच निघत नाही. तिसऱ्या धुलाईचे द्रावणही पिवळे दिसले तर चौथी करा. द्रावण ओतू नका, पिपेटने काढा. सैल गोळा ओतताना हमखास निसटतो.

गोळा ५०० मायक्रोलिटर ६ मोलर ग्वानिडीन हायड्रोक्लोराइडमध्ये, पीएच २.३ ला विरघळवा. हट्टी असेल तर ३७ अंशांवर १५ मिनिटे ठेवा आणि न विरघळलेले फिरवून काढून टाका, कारण गढूळपणाही वाचन वाढवतो. ३७० ला दोन्ही नळ्यांतला फरक घेऊन ०.०२२ ने भागा: १ सेंमीच्या क्युव्हेटसाठी हे नॅनोमोल प्रति मिली. त्याला प्रथिनाच्या मिलिग्रॅम प्रति मिलीने भागा. प्रथिन नुसत्या आम्लाच्या नळीत २८० ला, ग्वानिडीनमधल्याच बीएसएच्या (गाईच्या रक्तद्रवातले अल्ब्युमिन, प्रमाण प्रथिन) आलेखावरून काढा. मूळ अर्काचा आकडा वापरला तर धुण्यात गेलेले प्रथिनही मोजले जाते. रंगाच्या नळीत २८० ला मोजू नका, डीएनपीएच स्वतःच तिथे प्रकाश शोषते.