पाच व्होल्टची लाइन हद्दीत आहे का?

मी आधी हद्द ठरवतो: ५ व्होल्ट, ५ टक्के कमी-जास्त, म्हणजे ४.७५ ते ५.२५. पायथनमध्ये तपासणी दोन ओळींची. प्रत्येक नमुना, म्हणजे त्या क्षणी मोजलेला व्होल्टेज, या आकड्यांशी ताडायचा, बाहेर गेला की वेळेसकट फाइलीत नोंदवायचा. खरी गोम मोजण्यात. एकदा आर्डुइनोचा, म्हणजे छोट्या कंट्रोलर बोर्डाचा, पुरवठा त्याच पुरवठ्याला संदर्भ (मोजायची पट्टी) धरून मोजत बसलो. व्होल्टेज कितीही हलवा, आकडा आपला १०२३च, म्हणजे मोजणीचं वरचं टोक! संदर्भ वेगळा, स्थिर घ्या. तो २.५ व्होल्टचा असेल तर त्यापुढचं मोजता येत नाही, म्हणून दोन रेझिस्टर लावून सिग्नल एक-तृतीयांशावर आणा.

सेकंदाला हजार नमुने घेतले, तरी अर्ध्या मिलिसेकंदाचा झटका मधून निसटू शकतो. आणि ४.७५च्या काठावर सिग्नल थरथरला की नोंदींचा नुसता पाऊस. म्हणून ‘पुन्हा ठीक’ मी ४.७८ला धरतो.